बेवारस फरशी

मला आयुष्यात रडकुंडीला आणणारी माणसं दोनच. एक मुंबईचा उस्ताद, ज्याच्याकडे मी फरश्या पाडायला शिकलो, आणि दुसरे पिंप्राळा नाक्यावरचे नाना. उस्ताद शिव्या घालायचा. नानांनी कधी आवाजही चढवला नाही. ते नुसते प्रश्न विचारायचे, आणि त्यापेक्षा शिव्या परवडल्या असं माणसाला वाटायचं.

नाना जकातीचे नाकेदार. त्या काळी पिंप्राळा जळगाव शहराच्या हद्दीबाहेर होतं. रेल्वेचं फाटक ओलांडलं की डाव्या हाताला त्यांची पत्र्याची चौकी, रस्त्यावर आडवा बांबू, कडेला बैलांना पाणी पाजायचा दगडी हौद आणि मागे एक कडुनिंब. चौकीच्या दारावर जकातीचं छापील दरपत्रक चिकटवलेलं. शहरात जाणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक टोपली तिथे थांबायची. नाकेदारानं माल पाहायचा, तो दरपत्रकातल्या कुठल्या वर्गात बसतो ते ठरवायचं, त्या दरानं जकात घ्यायची आणि बांबू वर करायचा. इतर नाक्यांवर हे काम चुटकीसरशी व्हायचं, कारण तिथले नाकेदार मालकाला विचारायचे. नाना मालकाला विचारत नसत.

"मालकाला काय विचारायचं? तो सोयीचं सांगणार," असं ते म्हणायचे. "मालाला विचारावं."

आणि खरोखर विचारायचे. उंच, सडसडीत देह, डोक्यावर काळी टोपी, उजव्या हातात तांब्याचं वळं. वस्तू समोर आली की आधी दोन पावलं मागे सरून तिच्याकडे पाहायचे. मग वळ्यानं टकटक करायचे आणि कान लावायचे. मग वास. मग जिभेचं टोक लावायचे, मग ती वस्तू दोरखंड असो नाहीतर गंधक. खिशात लिंबाची फोड असायची, ती पिळायचे. हे सगळं चालू असताना मागे गाड्यांची रांग फाटकापर्यंत जायची. प्रत्येक नव्या वस्तूचा एक तुकडा ते मागून घ्यायचे आणि कागदात बांधून, वर चिठ्ठी लावून, चौकीतल्या लोखंडी पेटीत ठेवायचे. चिठ्ठीवर तीन रकाने: माल, मालक, वर्ग. त्या पेटीत खोबरं होतं, काथ होता, विलायती साबण होता, आणि म्हणे एका सर्कशीतल्या उंटाचे केससुद्धा होते. केस मी पाहिलेले नाहीत, पण नसतील असंही मी म्हणणार नाही.

एकदा एका भजनी मंडळाची बाजाची पेटी दुरुस्तीला चालली होती. नानांनी ती उलटीपालटी करून पाहिली. लाकूड आहे, पितळ आहे, भात्याला कातडं आहे. कुठल्या वर्गात टाकायची? "वाजवा," म्हणाले. बुवांनी भर रस्त्यात मांडी घालून अख्खा अभंग म्हटला. नाना डोळे मिटून ऐकत होते. मागचा दूधवाला कळवळला, "नाना, मनं दूध नासी जाई ना!" नानांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हे लाकूड नाही, पितळ नाही, कातडंही नाही. हे घरगुती सामान. जाऊ द्या." एवढं ठरवायला अर्धा तास गेला होता.

त्याआधी ते मेहरूणच्या बाजूच्या नाक्यावर होते. तिथे बोरं यायची. ओली बोरं फळांत आणि वाळवलेली बोरं सुक्या मेव्यात, दोन्हींचे दर वेगळे. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "नाना, काल ओले व्हतात, आज सुके शेतस. एक दिनमा जात बदली जास का?" दुसरा कुणी असता तर हसला असता. नानांनी तिची मूठभर बोरं चौकीच्या पत्र्यावर पसरली आणि रोज सकाळी एक बोर चावून पाहायला लागले. ओलं बोर नेमकं कुठल्या दिवशी सुकं होतं ते त्यांना पाहायचं होतं. सापडलं का, असं मी पुढे एकदा विचारलं. "सापडणार होतं," ते म्हणाले, "पण बोरं संपली."

अशा माणसाच्या नाक्यावर मी एका चैत्रात सिमेंटच्या फरश्यांची पहिली गाडी घेऊन गेलो.

मी कोण, तेही सांगतो. मी पिंप्राळ्याचाच. चार वर्षं मुंबईत उस्तादाच्या हाताखाली काढली, मग बायकोच्या पाटल्या मोडून एक हातदाबाचं यंत्र आणलं आणि घरामागच्या वाड्यात फरश्या पाडायला लागलो. लोखंडी साच्यात पितळी जाळी ठेवायची, तिच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट ओतायचं, जाळी उचलायची, वर कोरडं सिमेंट आणि रेती घालायची आणि चाक फिरवून दाबायचं. साचा उघडला की आत नक्षी. माझी नक्षी होती लाल कमळाची, काळी किनार. पहिली फरशी निघाली तेव्हा बायकोनं तिला हळदकुंकू वाहिलं होतं.

जळगाव शहरातल्या एका मारवाडी शेटजींनी नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी माझ्या फरश्या सांगितल्या. मोठं काम होतं. मुलीचं लग्न वैशाखाच्या अखेरीस त्याच घरात होतं. शेटजी म्हणाले, "भाऊ, आखातीजच्या आधी हॉल तयार पाहिजे. वरात त्या हॉलमधी उतरणार. तुमच्याकडून नाही झालं तर मी मुंबईच्या मागवतो, मग वाईट वाटून घेऊ नका." आमची आखाजी, त्यांची आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया. पाडव्यापासून महिनाभराचा अवधी. हे काम जमलं तर गावातली सगळी नवी घरं माझी, आणि हुकलं तर यंत्र भंगारात, एवढं साधं गणित होतं.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी भिलाच्या गाडीत फरश्या भरल्या. भिला माझ्या शेजारचा गाडीवान, तोंडानं तिखट आणि मनानं साफ. नाक्यावर नाना पुढे आले, दोन पावलं मागे गेले आणि पाहत राहिले.

"हे काय आहे?"

"फरशी," मी म्हणालो.

"फरशी हे तिचं काम झालं. वस्तू काय?"

"नाना, हाई फरशी शे," भिला म्हणाला. "फरशीले काय इचारतस?"

पण नाना विचारायला लागले होते. दरपत्रकात सिमेंटची फरशी नव्हतीच, ते छापलं तेव्हा असली वस्तू इकडे कुणी पाहिलेलीच नव्हती. तीन वर्ग जवळचे होते. घडीव दगड, त्याला गाडीमागे अगदी किरकोळ जकात. सिमेंट, त्याला वजनावर. आणि शोभेचा माल, त्याला किमतीवर, ती तर कंबरडं मोडणारी. मी म्हणालो, "नाना, दगडात धरा. मुंबईच्या फरश्या स्टेशनवर उतरतात, त्या दगड म्हणूनच सुटतात. त्यांच्या पावतीवर 'कृत्रिम दगड' असं लिहिलेलं असतं."

"पावती मालकानं लिहिलेली असते," नाना म्हणाले आणि त्यांनी खिशातून लिंबू काढलं.

लिंबाच्या रसानं फरशीच्या पाठीवर बारीक फेस आला. "संगमरवरावरही येतो," ते पुटपुटले, "म्हणजे लिंबू दगड म्हणतंय." वळ्यानं वाजवलं तर बद्द आवाज आला. "आवाज मात्र कच्च्या माठाचा." मग त्यांनी वर चार थेंब पाणी टाकलं. फरशीनं ते बघता बघता पिऊन टाकलं. "आणि पाणी पिते विटेसारखं. तीन साक्षीदार, तीन वेगवेगळ्या साक्षी. वर्ग ठरेपर्यंत माल हद्दीबाहेर."

"कधी ठरेल?"

"ते हिला विचारायला हवं." असं म्हणून त्यांनी गाडीतल्या बारा फरश्या मोजून घेतल्या आणि बैलांच्या हौदात सोडल्या. "माती असेल तर विरघळेल. दगड असेल तर जशीच्या तशी राहील. पाहू या."

मला हसावं का रडावं ते कळेना. हौदात बैल पाणी पितायत आणि तळाशी माझी लाल कमळं. मी गाडी परत फिरवली.

आता माझी एक चोरी सांगायला हवी. उस्तादानं बजावलं होतं की फरशी साच्यातून काढली की एकवीस दिवस पाण्यात ठेवायची. पण पिंप्राळ्यात चैत्रातलं पाणी म्हणजे विहिरीच्या तळाचं. शिवाय आम्ही खान्देशी माणसं. पापड, सांडगे, मिरच्या, कुरडया, आमच्याकडे ऊन हे सगळ्यावर औषध. मुंबईच्या दमट हवेत लागत असतील एकवीस दिवस, असं मी ठरवून टाकलं होतं. इथल्या उन्हात चार दिवसांत फरशी खडखडीत वाळते. म्हणून मी त्या चार दिवस पत्र्यावर वाळवल्या होत्या, बायकोच्या कुरडयांच्या शेजारी.

रोज नाक्यावर जायचो, रोज तेच. नाना हौदातून एक फरशी काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, वाजवायचे, कान लावायचे, परत सोडायचे. "काय म्हणते?" मी विचारायचो. "अजून बोलत नाही." इकडे शेटजींचा मुनीम दोनदा येऊन गेला.

माझी खात्री झाली की या माणसाला काहीतरी हवंय. पैसे द्यावेत तर हा माणूस वाटसरूचा चहासुद्धा घेत नव्हता, घरून तांब्या आणायचा. मग माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि ती मला त्या वेळी फार हुशारीची वाटली. नाना रामनवमीला दोन दिवस आपल्या गावी, शिंदखेड्याला, गेले. त्यांच्या जागी बदलीचा शिपाई होता. त्याला मी सांगितलं की चौकीची जमीन उखडलीय, ती नीट करायला नानांनीच सांगितलंय. तो म्हणाला, करा. भिलानं आणि मी मिळून त्या शेणमातीच्या जमिनीवर वाळू-चुना पसरून माझ्या फरश्या बसवल्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. संध्याकाळी चौकी अशी दिसत होती की शेटजींनाही हेवा वाटावा.

नाना परतले ते उंबऱ्यावरच थांबले. आत पाहिलं. पाऊल टाकलं नाही. तिथूनच हात लांब करून त्यांनी पेटी, चोपडी आणि बसायचं पोतं ओढून बाहेर घेतलं आणि कडुनिंबाखाली मांडलं. मग येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, "या फरश्या कुणाच्या?" मीही तिथेच होतो. मलाही विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे का, मालक कोण?"

मला वाटलं, सरकारी माणसं अशीच आडून विचारतात. मी डोळा मिचकावला. "असेल कुणीतरी भला माणूस."

"मग बेवारस म्हणून धरतो," नाना म्हणाले. त्यांनी कोपऱ्यावरचा फरशीचा एक सुटा तुकडा हात लांब करून उचलला, कागदात बांधला, चिठ्ठी लावली. माल: चौकीत घातलेली फरशी. मालक: कोरं. वर्ग: कोरं. चोपडीतही तशीच नोंद केली. "बेवारस मालाला मालक येईपर्यंत हात लावता येत नाही. वापरताही येत नाही." आणि त्या दिवसापासून जळगावच्या त्या उन्हाळ्यात, पत्र्याची सावली समोर असताना, ते कडुनिंबाखाली बसून काम करायला लागले.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमी लाच बी आशी दिन्ही, गावभरना लोके पायखाल तुडाई ऱ्हायनात."

ते खरंच होतं. नाना आत जात नव्हते, पण गाडीवान जात होते, कारण तराजू आत होता आणि तो भिंतीतल्या कडीला टांगलेला. पोती ओढली जात होती, वजनं आपटली जात होती, नाल मारलेल्या वहाणा घासत होत्या. आठ दिवसांत मला एक गोष्ट दिसली. चौकीतून बाहेर पडणाऱ्यांची पावलं लाल उमटत होती. उंबऱ्यापासून बांबूपर्यंत. मी आत जाऊन वाकून पाहिलं. कमळांच्या पाकळ्या पुसट झाल्या होत्या आणि बोट फिरवलं की बोटाला लाल भुकटी लागत होती. शेटजींच्या दिवाणखान्यात वऱ्हाडाच्या पाचशे पावलांखाली काय झालं असतं, ते मला त्या बोटावर दिसलं.

मागे वळलो तर नाना हौदापाशी उभे होते. त्यांनी मला हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. हातातली ओली फरशी त्यांनी वळ्यानं वाजवली. ठण्ण.

"ऐकलंत? पहिल्या दिवशी बद्द वाजत होती. रोज एकेक सूर चढतेय. पाण्यात ठेवली आणि घट्ट होतेय! मी असं दुसरं काही पाहिलेलं नाही. मीठ विरतं, माती विरते, लाकूड फुगतं. आणि हे गृहस्थ पाणी पिऊन दगड होतायत." त्यांचा चेहरा उजळला होता. "आत ज्या आहेत त्या वाळल्या. या वाळल्या नाहीत, या झाल्या. वाळणं वेगळं आणि होणं वेगळं. तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मला ठाऊक होतं. उस्तादानं सांगितलं होतं. मी मान खाली घातली आणि घरी जाऊन सगळ्या फरश्या पाण्यात टाकल्या. त्यातही ज्या भुरभुरत होत्या त्या फोडल्या आणि रात्रंदिवस नव्या पाडल्या. मी आणि बायकोनं विहिरीचा तळ खरवडून पाणी ओढलं. शेटजींकडे जाऊन पंधरा दिवस वाढवून मागितले, तर त्यांनी दहाच दिले, ते मुलीच्या आईनं नक्षी पसंत केली होती म्हणून.

एकविसाव्या दिवशी नानांनी लिहून दिलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'सदर वस्तू माती असती तर विरघळली असती, सिमेंट होती, ती आता राहिलेली नाही, सबब दगड.' मात्र एक अट घातली. प्रत्येक गाडीतल्या दहा फरश्या ते वाजवून पाहणार. एखादी बद्द वाजली की, "ही अजून झालेली नाही. घरी न्या." पुढे पुढे लोकच विचारायला लागले, नाक्यावर वाजवलेली आहे का? ज्या माणसानं माझा धंदा बुडवला असं मी गावभर सांगत फिरत होतो, त्यानंच तो बसवून दिला. शेटजींच्या मुलीची वरात माझ्या कमळांवर उतरली आणि एक पाकळीसुद्धा पुसली नाही.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

गावात मुंबईच्या फरश्यांचा एक आडत्या होता. त्यानं तक्रार केली: नाकेदारानं ज्याच्या फरश्यांना दगडाचा दर लावला, त्याच्याच फरश्यांनी नाकेदाराची चौकी मढवलेली आहे. शब्द न् शब्द खरा होता. जेठ महिन्यात म्युनिसिपालिटीच्या कमिटीपुढे चौकशी झाली. मला बोलावलं होतं, भिला बाहेर गाडीपाशी होता, आणि तो बदलीचा शिपाई तोवर काम सोडून गेला होता.

अध्यक्षांनी नानांना विचारलं, फरश्या तुम्ही मागून घेतल्या का? नानांनी चोपडी उघडून नोंद दाखवली. बेवारस माल, मालक कोरा.

"पण मालक कोण, काही अंदाज?"

"अंदाजानं मी कधी काही लिहिलेलं नाही," नाना म्हणाले. "आजवर मालालाच विचारत आलो. या एका मालाचं मालकानं सांगायला हवं."

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "फरश्या तुमच्या कारखान्याच्या दिसतात. तिथे कुणी घातल्या?"

फार काही बोलायचं नव्हतं. 'मी घातल्या, यांना न विचारता,' एवढंच. पण तसं म्हटलं की मी लाच देणारा ठरलो, दगडाचा वर्ग पुन्हा तपासायला निघाला आणि तीन नवी कामं हातची गेली. हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात येऊन गेलं, आणि मी म्हणालो, "फरश्या विकणं माझा धंदा आहे, साहेब. विकलेली फरशी कोण कुठे घालतो, मला काय ठाऊक?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी ते विसरलो असतो. त्यांनी दोन पावलं मागे सरून पाहिलं, पहिल्या दिवशी गाडीतल्या फरशीकडे पाहिलं होतं तसं.

कमिटीला मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे फरशी होती आणि मालक नव्हता. उलगडा होईपर्यंत नाकेदारानं दुसरं काम करावं, असं ठरलं. नानांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला, पेटी उचलली आणि शिंदखेड्याच्या गाडीत बसले. त्या चौकशीतून बाहेर आलो तेव्हा भिलानं मला एवढंच विचारलं होतं, "माले इचारता त मी सांगी देता. तुले इचारं, तू काबरं नही सांगं?" त्यानंतर त्यानं माझी गाडी हाकली नाही.

माझं चांगलं चाललं. दोन यंत्रं झाली, माणसं ठेवली. पण प्रत्येक फरशी मी वाजवून पाहायचो, आणि ठण्ण आवाज आला की मला माझीच लाज वाटायची. मग लढाई आली, सिमेंटवर कंट्रोल आला, यंत्रं गंजायला लागली. रिकामा माणूस किती दिवस स्वतःला चुकवणार? एका सकाळी मी शिंदखेड्याची गाडी पकडली.

नाना ओसरीवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. मुलगा आणि सून घरातच होते. मी म्हणालो, "मी पिंप्राळ्याचा फरशीवाला."

"या, या," ते लगेच म्हणाले. "सिमेंट मिळत नाही म्हणतात. मग हल्ली कशाच्या पाडता? चुन्याच्या होतात का? पाण्यात ठेवून पाहिल्यात?" मी येण्याआधीपासून ते हाच विचार करत बसले होते की काय, असं वाटावं. मी थोडं सांगितलं, थोडं ऐकलं. मग म्हणालो, "नाना, ती पेटी आहे का?"

मुलानं पेटी आणून ठेवली. नानांनी आतल्या पुड्या एकेक करून बोटांनी चाचपल्या आणि नेमकी ती बाहेर काढली. चिठ्ठी पिवळी पडली होती. मालकाच्या पुढची जागा कोरीच होती. त्यांनी दौत-टाक माझ्यापुढे सरकवला.

मी लिहिलं.

"मला दिसत नाही," नाना म्हणाले. "वाचून दाखवा."

मी वाचलं. माझं नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं, आणि पुढे जे लिहिलं होतं तेही वाचलं: नाकेदारास न विचारता, स्वतःच्या फायद्यासाठी घातली. दारात सून उभी होती, मुलगा शेजारी होता. त्यानं मान वर केली नाही. इतक्या वर्षांत त्यानं गावात काय काय ऐकून घेतलं असेल, ते मला त्या मानेवरून कळलं. मी त्यालाही म्हणालो, "चूक माझी होती. तुमच्या वडलांनी माझ्या घरचा चहासुद्धा घेतला नाही कधी."

नानांनी चिठ्ठी मागून घेतली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"किती वर्षं झाली?"

"नऊ."

"नऊ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, निव्वळ कुतूहल होतं. "फरशीला एकवीस दिवस पुरले होते."

मग त्यांनी पुडी पुन्हा बांधली, पेटीत तिच्या जागेवर ठेवली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.